पेनिसिलीनचे वावडे

मराठीत ‘वावडे’ असा एक फार नेमका शब्द आहे. पंगतीत शंभर माणसांनी वांग्याची भाजी खाऊन तृप्त व्हावे आणि एकाच्याच अंगावर पित्ताच्या गांधी उठाव्यात, म्हणजे आपण म्हणतो, ‘त्याला वांग्याचे वावडे आहे.’ वांगे वाईट होते असे आपण म्हणत नाही. स्वयंपाक बिघडला होता असेही म्हणत नाही. दोष एकट्या पदार्थाचा नाही, एकट्या माणसाचाही नाही, तो त्या दोघांच्या संबंधात आहे, एवढा अर्थ या एका शब्दात येऊन जातो. पाश्चात्त्य वैद्यकाला याच्या जवळपासचा अर्थ सांगण्यासाठी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा नवा शब्द घडवावा लागला.

परंतु श्रोतेहो, ताटातल्या वांग्याबाबत आपण जो विवेक पाळतो तो दवाखान्यातील सुईबाबत पाळत नाही. परभणी आणि पूर्णा यांच्यामधील लोहमार्गावर वसलेले हे पिंगळी असो वा दुसरे कोणतेही गाव असो, सुई टोचताच धडधाकट माणूस कोसळल्याची एखादी हकीकत तेथे ऐकावयास मिळते. अशा वेळी तीन खुलासे ठरलेले असतात. कोणी म्हणतो औषधच खोटे होते. कोणी म्हणतो डॉक्टरचा हात चुकला. उरलेले म्हणतात, त्याचे भरले होते. या तिन्ही गोष्टी जगात घडतात, हे खरे. तथापि प्रतिजैविकाच्या तीव्र प्रतिक्रियेत पुष्कळदा चौथेच कारण असते. औषध शुद्ध असते, हात सराईत असतो, आणि रोग्याचा घात त्याच्या स्वतःच्याच संरक्षक यंत्रणेकडून होतो. ही गोष्ट मानवाला कशी कळत गेली, याचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. तो केवळ प्रयोगशाळेचा इतिहास नाही. तो नीट न समजल्यामुळे माणसे दगावली आहेत, आणि अर्धवट समजल्यामुळेही दगावली आहेत.

या इतिहासाचा आरंभ पेनिसिलीनच्या पूर्वीच होतो. १८९० साली बेहरिंग व किटासाटो यांनी दाखवून दिले की रोगविषाची सवय लावलेल्या प्राण्याच्या रक्तजलात ते विष निष्प्रभ करणारे द्रव्य असते. त्यानंतर घटसर्पावर घोड्याचे रक्तजल टोचू लागले आणि असंख्य मुले वाचली. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे आपली लस सिद्ध केली, आणि १८९७ मध्ये अलेक्सांद्र येर्सां प्लेगवरील घोड्याचे रक्तजल घेऊन त्याच मुंबईत आले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. सर्पदंशावरची जी लस आपल्याकडील शेतकऱ्याला जीवदान देते, ती आजही घोड्याच्या रक्तजलापासूनच होते. परके रक्तजल माणसाच्या अंगात घालण्याची ही प्रथा जगभर रूढ झाली, आणि तिच्याबरोबर एक कोडेही आले. काही रोग्यांना मूळ रोग बरा होत असतानाच दहाएक दिवसांनी ताप येई, गांधी उठत, सांधे सुजत. जे औषध तारीत होते तेच छळीत होते.

कोड्याचा पहिला धागा समुद्रावर हाती लागला. १९०१ साली मोनाकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या नौकेवर शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रजीवांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्प या प्राण्याचे विष कुत्र्यांना अल्प प्रमाणात टोचून पाहिले. लहान मात्रेची सवय झाली की कुत्रा मोठी मात्रा सोशील, असा त्यांचा तर्क. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने १९०२ च्या आरंभी पहिली मात्रा सहज सोसली. तीन-चार आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा टोचताच त्याला क्षणार्धात धाप लागली, रक्ताची ओकारी झाली, आणि पंचवीस मिनिटांत तो मेला. विषाची मात्रा वाढली नव्हती. बदलला होता तो कुत्रा. संरक्षणाच्या नेमके उलट, या अर्थाने रिशे यांनी या घटनेला ‘ॲनॅफिलॅक्सिस’ म्हटले. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी मिळाले.

दुसरा धागा व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात मिळाला. क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक हे दोन तरुण डॉक्टर रक्तजल टोचलेल्या मुलांच्या खाटांजवळ बसून दिवस मोजीत होते. त्यांच्या ध्यानात आले की पहिल्या सुईनंतर त्रास साधारण आठ ते बारा दिवसांनी होतो. तेच रक्तजल काही काळाने पुन्हा टोचले तर तो काही तासांत, कधी काही मिनिटांत होतो. त्रासदायक द्रव्य जर रक्तजलातच तयार असते तर ते पहिल्याही वेळी तत्काळ बाधले असते. याचा अर्थ असा की मधल्या दिवसांत शरीर स्वतः काहीतरी घडवीत असते, आणि दुसऱ्या भेटीच्या वेळी ते तयार असते. १९०५ साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि पुढल्या वर्षी पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द योजला. त्याचा आशय एवढाच की शरीराचे वागणे बदलले आहे. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे साधन सूक्ष्मदर्शक नव्हे, तर हे दिवस मोजणे होय. सुईनंतर किती वेळाने, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत वैद्याला वाट दाखवीत आला आहे.

शरीर जे घडविते ते कोठे असते? १९२१ साली कार्ल प्राउस्निट्झ व हाइन्झ क्युस्टनर यांनी याचा छडा स्वतःच्या अंगावर लावला. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचे वावडे होते, प्राउस्निट्झ यांना नव्हते. क्युस्टनर यांचे थोडे रक्तजल प्राउस्निट्झ यांच्या पोटाच्या कातडीत टोचले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तत्काळ तेथे गांध उठली. वावडे एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत उसने देता येते, हे सिद्ध झाले. ते वाहून नेणारे द्रव्य कोणते, हे मात्र पुढे पंचेचाळीस वर्षे कोणास सापडले नाही.

आणखी एक अडचण होती. घोड्याचे रक्तजल, मासा, समुद्रजीवाचे विष, ही सारी प्रथिने. म्हणजे आकाराने प्रचंड रेणू. शरीराची संरक्षक यंत्रणा मोठ्या परक्या रेणूंस ओळखते, लहानसहान रसायनांकडे ती लक्ष देत नाही. मग एखाद्या साध्या रसायनाचे वावडे कसे जडावे? कार्ल लँडस्टायनर यांनी उत्तर दिले की लहान रेणू एकटा असता दुर्लक्षित राहतो. परंतु तो शरीरातील प्रथिनाला घट्ट चिकटला की त्या प्रथिनाचाच चेहरा बदलतो आणि यंत्रणा त्याला परका समजू लागते. अशा चिकटणाऱ्या लहान रेणूला त्यांनी ‘हॅप्टेन’ हे नाव दिले. ओळखीच्या माणसाने अंगावर परक्या फौजेचा बिल्ला लावावा आणि पहारेकऱ्याने त्याच्यावर बंदूक रोखावी, तसा हा प्रकार होय.

इतकी पूर्वतयारी झालेली असताना पेनिसिलीन रंगभूमीवर आले. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला; १९४० साली ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गुणाचे औषध करून दाखविले; १९४१ च्या फेब्रुवारीत आल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचले. तो बरा होऊ लागला, परंतु औषधाचा साठा संपला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. काही वर्षांतच हे दुर्मिळ औषध जगाच्या बाजारात आले. आपल्या देशात ते घडविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्या वेळी परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे हा मुलूख महाराष्ट्राशी जोडला जाण्याच्या सुमारासच महाराष्ट्रात घडलेले पेनिसिलीन देशभर जाऊ लागले होते.

त्या औषधाचा पराक्रम आज विसरला गेला आहे, म्हणून एक उदाहरण देतो. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील व त्याला लागून असलेल्या जंगलपट्ट्यांत, विशेषतः आदिवासी वस्त्यांत, ‘यॉज’ नावाचा रोग होता. त्याने कातडी चिघळे, हाडे वाकत, मुले पंगू होत. १९५२ पासून भारतात त्याविरुद्ध मोहीम निघाली. तिचे मुख्य शस्त्र म्हणजे लांब पल्ल्याच्या पेनिसिलीनची सुई. देशातील शेवटचे रोगी २००३ साली आढळले आणि २०१६ साली भारत यॉजमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ज्याच्या सुईने एवढे काम केले त्याच्याविषयी बोलताना त्याचा दोष सांगावा, पण भय घालू नये, हे आम्ही आधीच स्पष्ट करून ठेवतो.

दोष लवकरच दिसू लागला. आरंभी पेनिसिलीनची मलमे निघाली, चघळण्याच्या वड्या निघाल्या. किरकोळ खरचटण्यावरही ते लावीत. औषध कातडीवर चोळणे हा वावडे जडविण्याचा उत्तम मार्ग आहे, हे तेव्हा फारसे कोणी जाणत नव्हते. १९४९ साली अमेरिकेत वॉल्डबॉट यांनी पेनिसिलीनच्या सुईनंतर ॲनॅफिलॅक्सिसने आलेल्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. दोष बुरशीच्या गाळसाळाचा असावा, औषध निर्भेळ केले की तो जाईल, अशी पुष्कळांची आशा होती. औषध शुभ्र स्फटिकासारखे शुद्ध झाले तरी प्रतिक्रिया थांबल्या नाहीत. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत इड्सो, गुथे, विलकॉक्स व द वेक यांनी अशा १५१ मृत्यूंचा अभ्यास मांडला. त्यांच्या अंदाजाने ॲनॅफिलॅक्सिस दर लाखात सुमारे पंधरा ते चाळीस जणांना होतो, व मृत्यू दीड ते दोन जणांना येतो. मृतांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी पूर्वी पेनिसिलीन घेतलेले होते, आणि त्यांतील एक-तृतीयांश लोकांना पूर्वीच्या वेळी अचानक त्रासही झालेला होता. हा आकडा क्षणभर मनात ठेवावा. पूर्वी त्रास झालेल्या या माणसांच्या शरीराने आधीच सूचना दिली होती. ती सुई टोचणाऱ्यापर्यंत पोहोचली नव्हती, किंवा पोहोचूनही तिची दखल घेतली गेली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शुद्ध पेनिसिलीन हा तर लहान रेणू. तो वावडे कसे जडवितो? डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या मध्यभागी चार अणूंचे एक लहानसे कडे आढळले. ‘बीटा-लॅक्टम’ असे त्याचे नाव. ते कडे ताणून बांधलेल्या धनुष्यासारखे असते. संधी मिळताच उघडते आणि जवळच्या रेणूला चिकटते. जंतू आपल्याभोवती जी भिंत बांधतो त्या बांधणीच्या विकराला हे उघडलेले कडे पकडून ठेवते, भिंत अपुरी राहते, जंतू फुटतो. हेच त्याचे औषधीपण. पुढे न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड लेव्हीन व झोल्टान ओव्हारी यांनी १९६१ साली दाखविले की तेच कडे आपल्या रक्तातील प्रथिनांनाही चिकटते, आणि असे नव्या चेहऱ्याचे प्रथिन यंत्रणेच्या नजरेस परके ठरते. लँडस्टायनर यांचा हॅप्टेन तो हाच. पेनिसिलीनचा गुण आणि त्याचा दोष एकाच कड्यातून निघतात. म्हणून गाळून, धुऊन, शुद्ध करून तो दोष निघाला नाही.

रक्तातून उसने देता येणारे जे द्रव्य सापडत नव्हते तेही याच दशकात सापडले. १९६६ साली अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने एक नव्या जातीचे प्रतिपिंड ओळखले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहानसन व बेनिक यांना ते स्वतंत्रपणे गवसले, आणि १९६८ मध्ये त्याचे ‘आय्‌जीई’ असे नाव ठरले. रक्तात ते अत्यल्प असते, कारण त्याचे खरे ठाणे ‘मास्ट’ पेशींवर असते. या पेशी एकोणिसाव्या शतकातच पाउल एर्लिख यांनी पाहिल्या होत्या. कातडी, श्वासनलिका, आतडी आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने त्या पसरलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामीन वगैरे रसायनांचे दाणे ठासून भरलेले असतात.

सर्व दुवे आता जुळतात. पहिल्या वेळी पेनिसिलीन अंगात जाते, प्रथिनास चिकटते. काही दिवसांनी त्याच्याविरुद्ध आय्‌जीई तयार होऊन मास्ट पेशींवर जाऊन बसते. माणसाला काहीच जाणवत नाही. महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरी सुई होते. औषध चिकटलेले प्रथिन दोन शेजारी आय्‌जीईंना एकदम पकडते, आणि तो पूल सांधला जाताच पेशी आपले दाणे बाहेर ओतते. लक्षावधी पेशींत हे एकाच वेळी घडते. रक्तवाहिन्या सैल पडतात व झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात, घशाला सूज येते, अंगभर गांधी उठतात. सुई दिल्यापासून हे सारे बहुधा काही मिनिटांत होते. जंतांसारख्या परोपजीवींशी झुंजण्यासाठी जी फौज असावी असे मानतात, ती येथे आपल्याच घराला आग लावते.

या आगीवर पाणी एकच आहे, ते म्हणजे ॲड्रेनलीन. १९०१ साली जोकिची ताकामिने यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका उघडते आणि मास्ट पेशींचे ओतणेही आटोक्यात आणते. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत, आणि तेही ताबडतोब, हा आजचा नियम आहे. रोग्याला आडवे ठेवून पाय उंच करावेत, धाप फार असल्यास टेकवून बसवावे, पण एकदम उभे करू नये; कोसळलेल्या माणसाला घाईने उभे केल्यामुळे मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. हिस्टामीनविरोधी औषध व स्टिरॉइड यांचे स्थान त्यानंतरचे आहे. ॲड्रेनलीनची जागा ती घेऊ शकत नाहीत. ज्या दवाखान्यात सुई दिली जाते तेथे ॲड्रेनलीनची कुपी हाताशी हवी, हे सांगण्यासाठी मोठे शास्त्र लागत नाही.

तथापि सर्वच प्रतिक्रिया या एका साच्याच्या नसतात. १९६३ साली गेल व कूम्ब्स या इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यांची चार प्रकारांत विभागणी केली, आणि पिर्के यांचे दिवस मोजणे येथे पुन्हा उपयोगी पडते. आता वर्णिला तो पहिला प्रकार. तो काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत उमटतो. दुसऱ्या प्रकारात औषध रक्ताच्या तांबड्या पेशींना चिकटते व प्रतिपिंडे त्या पेशीच नष्ट करतात. पेनिसिलीनच्या प्रचंड मात्रा अनेक दिवस चालल्या असता हा पंडुरोग दिसतो. तिसऱ्यात औषध व प्रतिपिंड यांची जाळी रक्तवाहिन्यांत अडकून एक ते तीन आठवड्यांनी ताप, गांधी व सांधेदुखी होते. व्हिएन्नातील मुलांचा आजार तो हाच. चौथ्यात प्रतिपिंडे नसतात. टी-लसिका पेशी स्वतः चाल करून येतात. त्याचे सौम्य रूप म्हणजे चार-आठ दिवसांनी अंगभर उमटणारे पुरळ. त्याचे उग्र रूप फार भयंकर असते. १९२२ साली स्टीव्हन्स व जॉन्सन यांनी, आणि १९५६ साली ॲलन लायेल यांनी वर्णिलेल्या या आजारांत डोळे, तोंड व कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. सल्फा जातीची औषधे यासाठी कुप्रसिद्ध आहेत. येथे ॲड्रेनलीनचा उपयोग नाही; औषध तत्काळ बंद करणे व भाजलेल्या माणसाप्रमाणे शुश्रूषा करणे हाच मुख्य उपाय, आणि तेच औषध आयुष्यात पुन्हा कधी न घेणे हे पथ्य.

हे संकट एकावरच का यावे, यालाही आता थोडे उत्तर मिळाले आहे. प्रत्येक माणसाच्या पेशींवर ‘एच्‌एल्‌ए’ नावाचे, आईबापांकडून आलेले ओळखीचे रेणू असतात. काही विशिष्ट ठशाच्या रेणूंत विशिष्ट औषध नेमके बसते व टी-पेशी भडकतात. कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध महाराष्ट्रातही हजारोंनी घेतले आहे. त्याच्या तीव्र प्रतिक्रियेचा असा एका ठशाशी असलेला संबंध चीनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिला. याच्या उलट, २०१५ साली असेही सिद्ध झाले की मास्ट पेशींवर आणखी एक कुलूप आहे, आणि काही औषधे आय्‌जीईशिवायच ते थेट उघडतात. व्हँकोमायसीन शिरेतून भराभर दिले असता अंग लालबुंद होते ते बहुधा यामुळेच. येथे पूर्वीची ओळख लागत नाही. औषध सावकाश दिले की पुष्कळदा त्रास टळतो.

यावर कोणी विचारील, आपल्याकडे सुईपूर्वी हातावर ‘टेस्ट’ घेतात, ती पुरे नाही काय? पातळ केलेल्या औषधाचा थेंब कातडीत टोचून गांध उठते का ते पाहणे, ही प्राउस्निट्झ यांच्या प्रयोगाचीच लेक आहे. ती निरर्थक नाही, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ती केवळ पहिल्या प्रकाराचा शोध घेते. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या प्रकाराविषयी ती मुकी आहे. त्यातही पेनिसिलीन शरीरात ज्या रूपांत मोडते ती रूपे निराळी तयार करून तपासावी लागतात, आणि तुलनेसाठी साधे मिठाचे पाणी व हिस्टामीन शेजारी टोचावे लागते. तसे न करता घेतलेली चाचणी कधी खोटा धीर देते, कधी खोटी भीती. आणि क्वचित त्या थेंबानेही माणूस कोसळू शकतो. म्हणून विचारपूस आधी, चाचणी नंतर.

खोटी भीती म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. पाश्चात्त्य देशांत शंभरांतील सुमारे दहा माणसे आपल्याला पेनिसिलीनचे वावडे असल्याचे सांगतात. पद्धतशीर तपासणी केली तर त्यांतील नव्वदांहून अधिक टक्के लोकांना ते निर्वेधपणे घेता येते असे आढळते. बालपणी तापात उठलेले पुरळ, औषधाने झालेली मळमळ, हे सारे ‘वावडे’ म्हणून कागदावर चढलेले असते. शिवाय शरीराची ही आठवण कायमची नसते. खरे आय्‌जीई-वावडे असलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांत ते दहा वर्षांत ओसरते. ‘बापाला चालले नाही म्हणून मुलाला नको’ हाही समज निराधार आहे. तसेच पेनिसिलीन न चाललेल्या दहा जणांपैकी एकाला सेफॅलोस्पोरीनही चालत नाही, असे पूर्वी म्हणत. आता तो आकडा शंभरात दोनच्या आसपास धरतात, कारण साम्य मधल्या कड्यापेक्षा कडेच्या साखळीवर अधिक अवलंबून असते.

या भीतीची खरी किंमत संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेली मुले मोजतात. घसादुखीतून उद्भवणारा हा ताप गरिबाघरच्या मुलांचा वैरी आहे. तो पुन्हा येऊन हृदयाच्या झडपा आणखी बिघडवू नये म्हणून लांब पल्ल्याच्या पेनिसिलीनची सुई दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे द्यावी लागते. १९९१ साली अनेक देशांतील अशा १,७९० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२,४३० सुयांमध्ये ॲनॅफिलॅक्सिस झाला तो चौघांना, आणि त्यांतील एक दगावला. एक मृत्यूही लहान नव्हे. पण सुई बंद केल्यामुळे होणारी हानी त्याच्या समोर ठेवून पाहावी लागते. २०२२ साली अमेरिकेच्या हृदयरोग संस्थेने आणखी एक गोष्ट पुढे मांडली. झडपा फार बिघडलेल्या रोग्यांत सुईनंतर आलेले काही मृत्यू वावड्याचे नसून, वेदनेने व भयाने रक्तदाब एकाएकी खाली गेल्यामुळे दुबळ्या हृदयाने दिलेल्या हारीचे असावेत. अशांना सुईऐवजी गोळ्या देण्याचा गंभीरपणे विचार करावा, आणि ज्यांना सुई द्यावयाची त्यांना ती आडवे निजवून, पाणी पाजून द्यावी, असा तिचा सल्ला आहे. म्हणजे जो मृत्यू सारे गाव ‘औषध चढले’ म्हणून ओळखते त्याचेही कारण प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही.

नेपच्यून कुत्र्यापासून येथवरच्या या वाटचालीत शास्त्राने पुष्कळ कमावले; परंतु त्याचा लाभ रोग्याला व्हावयाचा तर त्याला स्वतःची हकीकत सांगता आली पाहिजे. ‘मला सुई चालत नाही’ हे वाक्य वैद्याच्या काही कामाचे नाही. कोणते औषध होते, कोणत्या साली घेतले, घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला, नेमके काय झाले, गांधी उठल्या की श्वास कोंडला की कातडी सोलली, आणि त्यानंतर ते औषध पुन्हा कधी घेतले का, या पाच प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद घरात सातबाराच्या उताऱ्याजवळ जपून ठेवावा, आणि दवाखान्यात जाताना बरोबर न्यावा. ज्याला खरे वावडे आहे त्याचा त्याने जीव वाचेल, आणि ज्याला नाही त्याला निष्कारण एका उत्तम औषधास मुकावे लागणार नाही. त्या १५१ मृतांपैकी ज्यांना पूर्वी त्रास झाला होता त्यांच्याजवळ एवढा कागद असता आणि तो कोणी वाचला असता, तर त्यांतील काही जण घरी परतले असते, असे मानावयास आधार आहे. हे काम कोणत्याही प्रयोगशाळेवाचून, पिंगळीतील प्रत्येक घराला आजच करता येण्यासारखे आहे.